दोन केबल असूनही दुकान बंद का पडलं? सर्व्हरचं 'टीमिंग' नीट समजून घेऊ



"अहो सर, दोन केबल टाकल्यात ना तुम्ही? एक तुटली तर दुसरी चालेल म्हणाला होता. मग माझे सगळे काउंटर बंद कसे पडले?"

हा फोन आला तेव्हा मी ट्रेनर नव्हतो, दुकानांची नेटवर्कची कामं घेत होतो. समोर होते होलसेल औषधवाले एक शेठ. दुकानात सात बिलिंग काउंटर, मागच्या खोलीत एक लिनक्स सर्व्हर, सगळा स्टॉक आणि सगळी बिलं त्या एका मशीनवर. सोमवारची सकाळ, साडेदहाची वेळ. बाहेर मेडिकलवाल्यांची पोरं दुचाकी लावून पिशव्या घेऊन उभी. होलसेलच्या धंद्यात पोरगं पंधरा मिनिटं थांबतं, मग मालकाला फोन करतं आणि मालक सांगतो, "शेजारच्याकडून घे." त्या दिवशी अर्धी पोरं शेजारी गेली, आणि ते नुकसान माझ्या कामामुळे झालं.

व्हिडिओमध्ये मी टीमिंग कसं करायचं ते स्क्रीनवर दाखवलंय. इथे ते परत लिहीत नाही. कोणती गोष्ट कशासाठी करायची आणि माझं नेमकं काय चुकलं, ते सांगतो. तुमच्यापैकी काहींचं स्वतःचं दुकान किंवा ऑफिस आहे, काहींना नेटवर्किंगचाच व्यवसाय सुरू करायचाय. दोघांच्याही उपयोगाचं आहे.

आधी हे आहे तरी काय?

सर्व्हरला साधारण एक लॅन केबल असते. ती केबल, तिचा कनेक्टर, सर्व्हरमधलं नेटवर्क कार्ड किंवा स्विचचा तो पोर्ट, यातलं काहीही गेलं की सर्व्हर चालू असूनही सगळ्यांसाठी बंद. म्हणून सर्व्हरला दोन नेटवर्क पोर्ट द्यायचे, दोन केबल ओढायच्या आणि सॉफ्टवेअरला सांगायचं की या दोघींना मिळून एकच जोडणी समज. दोघींचा मिळून एकच आयपी अ‍ॅड्रेस. काउंटरवरच्या मशीनला कळतही नाही की मागे दोन केबल आहेत. लिनक्समध्ये याला बाँडिंग म्हणतात, विंडोज सर्व्हरमध्ये एनआयसी टीमिंग, स्विचवाल्यांच्या भाषेत लिंक अ‍ॅग्रिगेशन. नावं तीन, कल्पना एकच.

यातून दोन गोष्टी मिळू शकतात. एक, लोड वाटला जाणं, म्हणजे लोड बॅलन्सिंग. दुसरी, एक लाइन गेली तर दुसरीने काम उचलणं, म्हणजे फेलओव्हर. ग्राहक पहिलीसाठी पैसे द्यायला तयार असतो, गरज मात्र त्याला बहुतेक वेळा दुसरीची असते. हे वाक्य मी ट्रेनिंगमध्ये नेहमी सांगतो, आणि दर वेळी कुणीतरी विचारतंच, "सर, पण स्पीड डबल होणार ना?"

स्पीड डबल होत नाही. कसं ते पंगतीवरून बघा.

लग्नाच्या पंगतीत एक वाढपी असेल तर शंभर पानांना वेळ लागतो. दोन वाढपी आले की पंगत लवकर उठते. पण तुमच्या एका पानावर जेवण दुप्पट वेगाने येतं का? नाही. तुमच्या रांगेला जो वाढपी आहे तोच तुम्हाला वाढणार.

नेटवर्कमध्ये हेच होतं. एक गिगाबिटची केबल कागदावर सेकंदाला १२५ मेगाबाइट नेते, प्रत्यक्षात साधारण ११० ते ११५ मिळतात. २० जीबीची एक फाइल कॉपी करायला घेतली तर तीन मिनिटं. दोन केबल एकत्र केल्यावर तीच फाइल त्याच एका काउंटरवर कॉपी करा, पुन्हा तीनच मिनिटं. कारण एक संवाद एकाच लाइनवरून जातो. मुद्दामच तसं ठेवलंय. एकाच संवादाची पाकिटं दोन वाटांनी पाठवली तर मागचं पाकीट पुढे पोचतं, क्रम बिघडतो, आणि क्रम लावण्यात वेग उलट कमी होऊ शकतो. लिनक्समध्ये आळीपाळीने पाकिटं पाठवणारा प्रकार आहे, पण त्याची हीच अडचण आहे. दुकानात तो वापरू नका.

मग कोणाचा संवाद कोणत्या लाइनवर, हे कसं ठरतं? साधा हिशोब असतो. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता घेऊन त्यावर गणित करायचं, आणि दोन लाइन असतील तर उत्तर सम की विषम त्यावर लाइन ठरते. कोणत्या लाइनवर किती गर्दी आहे हे तो बघत नाही. त्यामुळे सातपैकी पाच काउंटर एका लाइनवर आणि दोनच दुसरीवर, असंही होतं. आणि दोन इमारतींमध्ये राउटर असेल तर अजून एक गंमत. सर्व्हरच्या दृष्टीने पलीकडच्या सगळ्यांचा मॅक अ‍ॅड्रेस एकच, राउटरचा. फक्त मॅकवर गणित करायला सांगितलं असेल तर पलीकडची सगळी इमारत एकाच लाइनवर जाते. तिथे आयपी आणि पोर्ट नंबरवर गणित करणारी सेटिंग निवडावी लागते.

हे गणितही एकाच दिशेचं आहे. सर्व्हरकडून बाहेर जाणारं सर्व्हर ठरवतो, सर्व्हरकडे येणारं स्विच ठरवतो. सर्व्हरवर कितीही छान सेटिंग केली आणि स्विचला काही सांगितलंच नाही, तर अर्धंच काम झालं.

मी सुरुवातीच्या काळात एका डिझाइन ऑफिसला "स्पीड डबल" असं कोटेशनमध्ये चक्क लिहून दिलं होतं. त्यांनी घड्याळ लावून फाइल कॉपी करून दाखवली. आधी जितका वेळ लागायचा तितकाच. पैसे तर दिलेच नाहीत, पुन्हा कधी बोलावलंही नाही. चूक त्यांची नव्हती.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा

स्लो चालतंय अशी तक्रार आली की लगेच दुसरी केबल विकू नका. विंडोज मशीनवर टास्क मॅनेजर उघडा आणि एक मोठी फाइल कॉपी करून बघा. आकडा सेकंदाला ११-१२ मेगाबाइटवर अडकलाय का? मग कुठेतरी लाइन १०० एमबीपीएसवर चालतेय. एकतर जुना स्विच आहे, नाहीतर केबलमधली एखादी तार गेली आहे. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चारच पुरतात. त्यामुळे क्रिंपिंगमध्ये एक पिन नीट बसली नाही की बऱ्याचदा लाइन बंद पडत नाही, गुपचूप १०० वर येते. नवा कनेक्टर मारला की दहापट फरक. मी अशी कामं अर्ध्या तासात केलीत, आणि ग्राहक त्याच कामाने कायमचा बांधला जातो.

आकडा नीट असेल आणि तरी स्लो असेल तर सर्व्हरची हार्ड डिस्क बघा. जुन्या फिरत्या डिस्कवर हजारो बारीक फाइली असतील तर एक केबलसुद्धा पूर्ण भरत नाही, दुसरीचं काय करणार? तिथे एसएसडी लावणं हे उत्तर आहे.

आणि हो, दोन केबल टाकल्याने इंटरनेट वेगात चालत नाही. हे ऑफिसच्या आतलं नेटवर्क आहे. बाहेरच्या दोन इंटरनेट लाइन जोडायच्या असतील तर त्यासाठी ड्युअल वॅन राउटर लागतो, तो वेगळा विषय. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची लाइन घेतली, पण दोन्ही केबल एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येत असतील, तर एकच जेसीबी दोन्ही तोडतो. आणि दोन्ही लाइन एकाच वेळी वापरायची सेटिंग केली तर बाहेर दिसणारा आयपी मधेच बदलू शकतो आणि बँकेची साइट लॉगआउट करू शकते. छोट्या ऑफिसला तिथे एक मुख्य, एक राखीव हेच बरं.

कोणता प्रकार निवडायचा

लिनक्समध्ये बाँडिंगचे सात प्रकार आहेत, शून्य ते सहा. घाबरू नका, तुम्हाला दोन-तीनच लागणार.

पहिला अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप. एक लाइन काम करते, दुसरी राखीव बसून असते. पहिली गेली की दुसरी उभी राहते. स्विच साधा, अगदी सेटिंग नसलेला असला तरी चालतो. दोन केबल दोन वेगळ्या स्विचना लावता येतात, आणि माझ्या मते यातच याची खरी किंमत आहे. लहान दुकानासाठी मी डोळे मिटून हाच सांगतो. विंडोज सर्व्हरमध्ये (ही सोय २०१२ च्या आवृत्तीपासून आहे) 'स्विच इंडिपेंडंट' निवडायचं आणि एक कार्ड 'स्टँडबाय' म्हणून ठरवायचं, की तेच झालं.

दुसरा एलएसीपी. यात सर्व्हर आणि स्विच एकमेकांशी बोलून ठरवतात की या लाइन एकत्र आहेत. ८०२.३एडी या नावाने हे स्टँडर्ड २००० साली आलं, पुढे २००८ मध्ये ते ८०२.१एएक्समध्ये गेलं, पण सेटिंगच्या पानावर अजूनही जुनंच नाव दिसतं. दोन्ही लाइन एकाच वेळी काम करतात. मात्र स्विच मॅनेज्ड हवा आणि त्यात एलएसीपी हवं. इथे खरेदी करताना फसू नका. 'स्मार्ट' म्हणून विकले जाणारे काही स्वस्त स्विच लिंक अ‍ॅग्रिगेशन देतात, पण स्टॅटिक प्रकारचंच, एलएसीपी नाही. डब्यावरचं मोठं अक्षर बघून घेऊ नका, स्पेसिफिकेशनच्या कागदात एलएसीपी शब्द शोधा. शिवाय दोन केबल सहसा एकाच स्विचला लावाव्या लागतात, म्हणजे तो स्विच गेला की सगळं गेलं.

तिसरा बॅलन्स-एएलबी. साध्या स्विचवरही लोड वाटतो. चालतो, पण काही गडबड झाली की कारण शोधणं अवघड जातं. दहा माणसांच्या ऑफिसमध्ये याच्या वाटेला जायचं कारण मला तरी दिसत नाही. वीस-पंचवीस माणसं एकाच नॅसवरून व्हिडिओ एडिट करतायत, तिथे एलएसीपीला अर्थ आहे. तिथेसुद्धा आता २.५ गिगाबिटचं कार्ड आणि स्विच घेणं हा पर्याय आधी तपासा. एका माणसाला खरा वेग त्यातून मिळतो.

साधं विंडोज १० किंवा ११ असलेला पीसीच सर्व्हर म्हणून ठेवला असेल, तर विंडोजची ही टीमिंगची सोय त्यात मिळत नाही. तिथे लोक काय करतात? दोन कार्डं सिलेक्ट करून 'ब्रिज कनेक्शन्स' दाबतात. हे टीमिंग नाही! दोन्ही केबल एकाच स्विचला असतील तर गोल वळसा तयार होऊ शकतो, मग पाकिटं गरागरा फिरत राहतात आणि अख्खं ऑफिस ठप्प होतं. दोन साध्या स्विचमध्ये 'जास्त मजबूत व्हावं' म्हणून दोन केबल जोडल्या तरी हेच.

आता शेठच्या दुकानात काय झालं ते

मी तिथे अ‍ॅक्टिव्ह-बॅकअपच केलं होतं. प्रकार बरोबर होता, बाकीचं सगळं चुकलं होतं.

पोचल्यावर सर्व्हरवर बाँडिंगची स्थिती दाखवणारी फाइल उघडली. प्रत्येक लाइनची स्थिती तिथे लिहिलेली असते, आणि ती किती वेळा तुटली त्याचा आकडाही. दोन्ही 'डाउन'. मग लॉग बघितला. दुसरी केबल त्या सकाळी गेली होती. पहिली? पहिली तीन महिन्यांपूर्वीच गेली होती. राखीव लाइनने काम इतकं गुपचूप उचललं, की तीन महिने कुणाला पत्ताच लागला नाही. शेठना वाटत होतं आपल्याकडे दोन केबल आहेत. होती एकच.

आणि दोन्ही का गेल्या? माळ्यावरून एकाच प्लास्टिकच्या पट्टीतून मी दोन्ही केबल ओढल्या होत्या. दिसायला छान, एका रेषेत. उंदराला पहिली कुरतडून झाल्यावर दुसरी बोटभर अंतरावर होती.

त्या दिवशी तात्पुरती एक केबल जमिनीवरून ओढून दुकान चालू केलं आणि रात्री शटर खाली गेल्यावर पुन्हा बसलो. कागद घेतला आणि सर्व्हरपासून काउंटरपर्यंत एकेक वस्तू लिहून काढली. प्रत्येकीसमोर एकच प्रश्न, ही गेली तर काय? दोन्ही पोर्ट एकाच कार्डावर होते, कार्ड गेलं तर दोन्ही गेले. म्हणून एक पोर्ट मदरबोर्डचा आणि एक वेगळ्या कार्डाचा केला. गिगाबिटचं साधं कार्ड हजाराच्या आसपास येतं. दोन्ही केबल एकाच स्विचला होत्या, म्हणून दुसरा स्विच आणला, एक केबल इकडे एक तिकडे, आणि दोन स्विचमध्ये एकच जोड. काउंटरही वाटले, चार पहिल्यावर, तीन दुसऱ्यावर. एक स्विच गेला तरी निम्मं दुकान बिल करत राहील. दुसरी केबल भिंतीच्या उलट्या बाजूने लोखंडी पाइपातून नेली.

मग नजर प्लगकडे गेली. सर्व्हर यूपीएसवर आणि स्विचचा अ‍ॅडॅप्टर भिंतीवरच्या साध्या बोर्डात! लाइट गेली की सर्व्हर थाटात चालू, आणि त्याच्याशी बोलणारं कोणी नाही. हे मी त्यानंतर इतक्या ऑफिसांत बघितलंय की आता आत शिरल्यावर पहिली नजर तिकडेच जाते.

सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र सगळ्यात स्वस्त होतं. लाइन तुटली की मेल यावा म्हणून सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट लावली. मेल मलाही आणि शेठच्या मुलालाही. शिवाय स्विचच्या त्या पोर्टखाली लाल स्टिकर लावून कॅशिअर ताईंना सांगितलं, "सकाळी दिवा लावताना इथलाही दिवा बघायचा. विझलेला दिसला की फोन करा."

एक कमतरता मी सांगूनच ठेवली. साधी तपासणी फक्त स्विचपर्यंतची केबल जिवंत आहे का एवढंच बघते. स्विच चालू आहे, पण त्याच्या पुढची वाट तुटली आहे, हे तिला कळत नाही. त्यासाठी पुढच्या एखाद्या मशीनला सतत हाक मारून बघणारी एआरपी तपासणी असते. मोठ्या जागेत ती लावा. शेठकडे दोन स्विच शेजारीशेजारीच होते, तिथे गरज वाटली नाही.

तुम्ही हे काम करायला जाल तेव्हा

घरी बसून रिमोटने कधीही करू नका. नेटवर्कची सेटिंग बदलताना तुम्ही बसलेली फांदीच कापत असता. एक चूक झाली की सर्व्हर हाताबाहेर आणि तुम्ही चाळीस किलोमीटरवर. दुकान बंद झाल्यावर, मशीनसमोर कीबोर्ड-मॉनिटर लावून, आधी बॅकअप घेऊन, जुना आयपी कागदावर लिहून मगच हात लावा. आयपी बाँडला द्यायचा असतो, वेगवेगळ्या कार्डांना नाही, ही नवशिक्यांची नेहमीची चूक. बिलिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स मॅक अ‍ॅड्रेसला बांधलेलं आहे का ते सॉफ्टवेअरवाल्याला आधी विचारा. टीम केल्यावर दिसणारा मॅक बदलू शकतो आणि सकाळी लायसन्सच उघडत नाही.

कोटेशनमध्ये मी आता असं लिहितो: "एक केबल, एक नेटवर्क कार्ड किंवा एक स्विच बंद पडल्यास सर्व्हर चालू राहील. एका फाइलचा कॉपी होण्याचा वेग यामुळे वाढणार नाही. बिघाड झाल्यास मेलने सूचना येईल. दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष चाचणी." शेवटची ओळ तुमच्यासाठी आहे, त्यातून वार्षिक मेंटेनन्सचं काम मिळतं. स्पीडची ओळ काहींना आवडत नाही आणि एखादं काम जातं. जाऊ द्या.

चाचणी मालकाच्या हातूनच करून घ्या. एका काउंटरवर सर्व्हरला सतत पिंग चालू ठेवा, दुसरीकडे बिल बनवणं चालू ठेवा, आणि मालकाला म्हणा, "शेठ, कोणतीही एक केबल ओढा." एखाद-दोन पिंग चुकतील, पुन्हा सुरू होईल. मग ती परत लावून, दिवा लागल्यावर थोडं थांबून दुसरी ओढायला सांगा. दोन्ही बाजूंनी केल्याशिवाय चाचणी पूर्ण होत नाही. शेवटी एका स्विचचा प्लग काढायचा.

आमच्या शेठनी त्या रात्री पहिली केबल जरा भीतभीतच ओढली. काउंटरवर मुलगा बिल करत होता, प्रिंटर चालूच राहिला. शेठनी केबल परत लावली, दुसरी ओढली, परत लावली. मग स्विचच्या प्लगकडे हात नेत मला म्हणाले, "हे मागच्या वेळी का नाही करून दाखवलंत?"